कर्ज तिच्या नावावर, बोअर त्याच्या सातबाऱ्यावर

मराठवाड्यातल्या एका गावातून हे पत्र आलं आहे. लिहिणाऱ्या ताई महिला बचत गटाच्या सचिव आहेत. गट आठ वर्षांचा, सदस्य अकरा, बचत दरमहा शंभर रुपये. गेल्या वर्षी बँकेने गटाला दोन लाखांचं कर्ज दिलं. त्यातले पन्नास हजार एका सदस्येने दिवाळीत शेवयांच्या मशीनसाठी घेतले. व्याज महिन्याला शेकडा दोन, हप्ता दरमहा अडीच हजार मुद्दल आणि वर व्याज. मशीन आलंच नाही. त्या पैशांत नवऱ्याने शेतात बोअर मारला, साडेचारशे फुटांवरही फुफाटाच उडाला. तिने पहिले पाच हप्ते वेळेवर भरले. 'त्यासाठी दोन शेळ्या विकल्या म्हणे', असं ताई लिहितात. आता चार हप्ते थकले आहेत आणि ती बैठकीलाही येत नाही. काही जणी म्हणतात तिला गटातून काढा, काही म्हणतात दारात जाऊन बसू आणि भांडी उचलू. ताईंना दोन्ही पटत नाही, पण 'तिने आपल्याला फसवलं' हा सल त्यांच्याही मनात आहे. यापुढे कुणालाच रोख न देता थेट वस्तू घेऊन द्यावी, असं त्यांच्या मनात येतं. दुसरा प्रश्न शिलकीचा आहे. गटाकडे व्याजातून बावीस हजार रुपये साठले आहेत. त्यातून दोन अगदी गरीब सदस्यांना, एक विधवा आणि एक नवऱ्याने टाकलेली, परत न घेण्याच्या बोलीवर मदत द्यावी असं ताईंना वाटतं. बाकीच्या म्हणतात, 'फुकट दिलं की किंमत राहत नाही.'

ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. शेळ्यांचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण मला सगळं पत्र त्याच वाक्याभोवती फिरताना दिसतं.

दिवाळीच्या आधी त्या बाईकडे काय होतं? दोन शेळ्या होत्या. गावाकडे शेळी ही बाईचीच असते. तिला चारा ती आणते, पिल्लं ती वाढवते, अडीनडीला बाजारात नेऊन दोन पैसे ती करते आणि त्यात सहसा कुणी बोलत नाही. आज तिच्याकडे काय आहे? शेळ्या गेल्या, मशीन आलं नाही आणि साडेसदतीस हजार मुद्दल डोक्यावर आहे. बोअरला पाणी लागलं असतं तरी तो त्याच्या सातबाऱ्यावरच्या जमिनीत होता. नफा झाला असता तर त्याच्या शेताचा, तोटा झाला तो मात्र हिच्या नावावरच्या कर्जाचा. ही काय गटाला फसवणारी बाई वाटते तुम्हाला? फसवायचं असतं तर पहिलाच हप्ता चुकवला असता. कोरडा बोअर डोळ्यांसमोर दिसत असताना पाच महिने हप्ते भरणं हे प्रामाणिकपणाचं लक्षण आहे. तुम्ही तिच्यावर रागावला आहात ते मी समजू शकते, कारण ठरावावर तुमची सही आहे आणि बँकेत तोंड तुम्हाला दाखवायचं आहे. पण राग थोडा बाजूला ठेवून त्या ठरावाकडे माझ्याबरोबर पुन्हा एकदा बघा.

समजा नवरा मध्ये पडलाच नसता आणि मशीन दिवाळीत घरी आलं असतं. शेवया कधी होतात, ताई? होळी झाली, ऊन तापायला लागलं की बायका रवा-पीठ घेऊन मशीनवाल्या घरी रांग लावतात, आणि पहिला पाऊस पडला की मशीनवर पोतं पडतं. दिवाळीनंतरचे पहिले तीन-चार महिने मशीन एक रुपयाही कमावणार नव्हतं. तरी पहिल्याच महिन्यात हप्ता अडीच हजार आणि व्याज एक हजार, म्हणजे साडेतीन हजार रुपये द्यायचे होते. शेळ्या मशीन आलं असतं तरी विकल्या गेल्या असत्या. हे गणित बैठकीत अकरा जणींपैकी एकीलाही सुचलं नाही. यात मी तुम्हाला बोल लावत नाही. गटांमध्ये कर्ज असंच देतात, पुढच्या महिन्यापासून हप्ता सुरू. कोलकात्यात काही अभ्यासकांनी सूक्ष्म कर्ज घेणाऱ्या बायकांबरोबर एक साधा प्रयोग केला होता, तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. काहींचा हप्ता नेहमीप्रमाणे दोन आठवड्यांत सुरू झाला, काहींचा दोन महिन्यांनी. ज्यांना उसंत मिळाली त्यांनी धंद्यात जास्त पैसे घातले आणि त्यांचा नफाही पुढे वाढला. मात्र त्यांच्यात थकबाकीही थोडी वाढली, म्हणजे उसंत हा काही जादूचा मंत्र नाही. तरी लगेचचा हप्ता बाईला धंद्यापेक्षा हप्त्याचाच विचार करायला लावतो, हे त्यातून दिसलं. हे कळायला आपल्याला कोलकात्याची गरज नव्हती, शेवयांचा हंगाम आठवला असता तरी पुरे होतं.

आता नवऱ्याचा मुद्दा. तुम्ही लिहिता, तो वाईट नाही, दारू नाही, कष्टाळू आहे. मला यातच खरी अडचण दिसते. दारुड्या नवऱ्यापासून पैसे लपवायला बायका शिकलेल्या असतात. कष्टाळू नवरा 'एवढा बोअर लागला की तुझंही मशीन घेऊ' म्हणतो, तेव्हा नाही म्हणणं फार अवघड जातं. घरात आलेला पैसा घरातल्या मोठ्या धंद्याकडे ओढला जातो, आणि मोठा धंदा बहुतेक ठिकाणी पुरुषाचा असतो. भारत, श्रीलंका आणि घाना इथल्या छोट्या धंदेवाल्या बायकांच्या आकडेवारीवर २०१९ साली एक अभ्यास झाला. बायकांना भांडवल दिलं तरी त्यांच्या धंद्याचा नफा वाढत नाही, असं त्याआधी दिसत आलं होतं. याचं कारण तो पैसा बऱ्याचदा नवऱ्याच्या धंद्यात गेलेला असतो, हे या अभ्यासाने दाखवलं. ज्या घरात दुसरा धंदाच नव्हता, तिथे बायकांनी पुरुषांइतकाच परतावा मिळवून दाखवला. बाई कमी पडत नाही, पैसा तिच्यापर्यंत थांबत नाही. तुमच्या त्या दोन गरीब सदस्यांचा विचार करताना हे पुन्हा लागणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

आणि एक मनापासून विचारते. तुमच्या अर्जाच्या वहीत 'कर्जाचं कारण' या रकान्यात काय काय लिहिलेलं आहे? शेळीपालन, शिलाई, पापड, किराणा. मी अशा वह्या पुष्कळ पाहिल्या आहेत. सभामंडपात सतरंजी, मध्ये पत्र्याची पेटी, तिच्यावर शाईचा पॅड, आणि एकेकीचं कारण सचिव ताई आपल्याच अक्षरात लिहून घेतात. दवाखाना, मुलीचं बाळंतपण, मुलाची कॉलेजची फी, सावकाराचं आधीचं देणं यांतलं काही त्या रकान्यात क्वचितच येतं, आणि गावातल्या प्रत्येकीला ते माहीत असतं. धंद्याचं नाव लिहिलं तरच कर्ज मिळतं असा समज झाला की बाया धंद्याचं नाव सांगतात. तिने खोटं सांगितलं हे खरं. पण खरं सांगितलं असतं तर तुम्ही पन्नास हजार दिले असते का? 'नवऱ्याला बोअरसाठी पाहिजेत' असं म्हणायची सोय गटात होती का?

मी तुमच्या जागी असते तर ही सोय आधी केली असती. नवऱ्याच्या शेतासाठी कर्ज मागणं हा गुन्हा नाही, तेही घर तिचंच आहे. पण मग ते उघड असू द्या. नवऱ्याला बैठकीत बोलवा, हप्ता शेतमालाच्या पैशातून तो भरणार असं त्याच्या तोंडून वदवून इतिवृत्तात लिहा आणि त्याची सही घ्या. मोटार, पाइप, जे काही घ्यायचं त्याची पावती बाईच्या नावाची मागा. आणि हिंमत करून एक पाऊल पुढे जा, सातबाऱ्याबद्दल विचारा. नवऱ्याने स्वखुशीने अर्ज केला तर सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येतं. राज्यात लक्ष्मी मुक्ती योजना १९९२ पासून आहे, तलाठी कार्यालयात चौकशी करा. सगळे नवरे हो म्हणणार नाहीत. पण बाईच्या नावाच्या कर्जावर शेतात काही करायचं असेल तर त्या शेतावर तिचं नाव का नको, हा प्रश्न अकरा बायकांसमोर विचारला गेला की घरी गेल्यावरही तो मिटत नाही.

रोख न देता वस्तूच घेऊन द्यायची, हा तुमचा विचार निम्मा बरा आहे. मशीन, गिरणी, फ्रीज अशा गोष्टींत दुकानदाराला थेट चेक द्यावा आणि बिल बाईच्या नावाचं घ्यावं, हे ठीक. त्यामुळे तिलाही घरात सांगता येतं, 'पैसे माझ्या हातात आलेच नाहीत, मी काय करू?' बाईला कधी कधी गटाच्या नियमाची ढाल हवी असते. पण सगळ्याच कर्जांना हा नियम लावू नका. भाजीचं भांडवल, कपड्यांचा गठ्ठा, दवाखाना, हे वस्तूत कसं द्याल? आणि वस्तूही विकता येते, हे शेळ्यांनी तुम्हाला दाखवलंच आहे. शिवाय जी बाई स्वतःचा पैसा स्वतः हाताळायला गटात आली तिला पुन्हा 'तुझ्या हातात पैसे देत नाही' म्हणणं मला जड जातं. साताऱ्याच्या म्हसवडला चेतना सिन्हा आणि त्यांच्या सोबतच्या बायकांनी महिला बँकेचा अर्ज केला, तेव्हा संस्थापक सदस्यांमध्ये अंगठेबहाद्दर बायका आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेने तो आधी नाकारला होता. त्या बायकांनी अधिकाऱ्यांना सांगितलं, आम्हाला कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो, तुमच्या माणसांना कॅल्क्युलेटर न घेता सांगायला लावा. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. तुमच्या गटातल्या बायकाही काही कमी हिशोबी नाहीत, त्यांना हिशोब मांडायला फक्त जागा द्या. कर्ज मागणारीला बैठकीत बसवून तिच्याकडून वर्षाचे बारा महिने बोलून घ्या. मृगात काय येतं, काय जातं, पोळ्याला हातात किती असतात, सोयाबीन कधी विकतं, मजुरी कुठल्या महिन्यांत लागत नाही. हप्ता त्यावरून ठरवा. आधीचे हप्ते किती चालू आहेत तेही विचारा. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये सूक्ष्म कर्ज देणाऱ्या बँका आणि कंपन्यांना मर्यादा घातली आहे, घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. हीच पट्टी गटानेही लावावी. आणि तुमची ही मैत्रीण, तिचे ते पाच हप्ते सगळे शेळ्यांतूनच गेले की मध्ये एखाद्या कंपनीचं कर्जही उचललं, हे हळुवारपणे शोधा. बैठक चुकवणाऱ्या बाईच्या मागे पुष्कळदा दुसरा कुणीतरी वसुलीवाला लागलेला असतो.

आता थकबाकी. तिला काढून टाकायचं म्हणता, तर हिशोब करू. आठ वर्षांची तिची बचत नऊ हजार सहाशे. ती कर्जात वळती केली तरी मुद्दलाचे सत्तावीस हजार नऊशे उरतात, आणि ते मागायला तुमचा तिच्याशी संबंधच उरत नाही. बाकी दहा जणींच्या वाट्याला प्रत्येकी दोन हजार सातशे नव्वद रुपये येतील. काढून टाकणं हा सगळ्यात महाग उपाय आहे.

दारात बसणं आणि भांडी उचलणं, हे मात्र मी स्पष्ट सांगते, कदापि करू नका. आंध्र प्रदेशात २०१० साली काय झालं ते आठवा. एकेका बाईला तीन-चार कंपन्यांची कर्जं होती, वसुलीसाठी गटातल्याच बायकांना एकमेकींच्या दारात बसवलं गेलं, आत्महत्यांच्या बातम्या आल्या आणि शेवटी सरकारला अध्यादेश काढावा लागला. आज रिझर्व्ह बँकेच्या नियमांत सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीसाठी फोन करणं हीसुद्धा सक्ती धरली आहे. जे कंपनीच्या माणसाला करता येत नाही ते शेजारणीने करायचं? १९९२ मध्ये नाबार्डने, म्हणजे शेती आणि ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेने, पाचशे गटांपासून बँक जोडणीचा प्रयोग सुरू केला, तेव्हा विनातारण पैसे देण्यामागे एकच भरवसा होता, की या बायका एकमेकींना ओळखतात. ही ओळख चार हप्त्यांसाठी मोडू नका. गावात तुम्हाला अजून चाळीस वर्षं एकाच नळावर पाणी भरायचं आहे.

राहिला मार्ग नव्या ठरावाचा. तिच्यासोबत बसून हप्ता पुन्हा बांधा. मजुरीच्या कमी महिन्यांत फक्त व्याज, सोयाबीन विकलं की एक मोठी रक्कम, आणि ती रक्कम नवरा भरेल असं त्याच्या सहीने. बोअर त्याचा, तेव्हा कर्जातही त्याने उतरावं, हे सांगायला लाजू नका. बँकेचा गटाचा हप्ता मात्र थकू देऊ नका, तो सध्या गटाच्या शिलकीतून भरा आणि शाखेत जाऊन आपण होऊन सांगा. बँकेच्या कामात गटांना मदत करणारी बँक सखी असेल तर तिला सोबत घ्या. व्याजाचंही बघा. उमेदच्या, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या, गटांना बँक तीन लाखांपर्यंतचं कर्ज वर्षाला सात टक्क्यांनी देते, आणि तुम्ही ते शेकडा दोनने, म्हणजे वर्षाला चोवीस टक्क्यांनी वाटलंत. पूर्वी सावकार शेकडा पाच-दहा घ्यायचा तेव्हा दोन हा दर दिलासा होता. आता बँकेच्या पैशाला तरी शेकडा एक पुरे. थकलेल्या चार महिन्यांचं तिचं व्याज तीन हजार होतं. ते निम्मं करणं गटाच्या हातात आहे, त्यासाठी कुणा साहेबाची परवानगी लागत नाही.

यावरून तुमच्या बावीस हजारांकडे येते. ही शिलक कुठून आली, ताई? तुम्हीच लिहिता, व्याजातून. म्हणजे तिने पाच हप्त्यांसोबत भरलेल्या व्याजातूनही. ते पैसे दिवाळीला वाटून घ्यायचे की त्यातून दोघींना मदत द्यायची, हे ठरवताना एवढं सगळ्यांना ऐकवा.

'फुकट दिलं की किंमत राहत नाही' असं म्हणणाऱ्यांना एक आठवण करून द्या. गट सुरू झाला तेव्हा तुम्हाला पंधरा हजारांचा फिरता निधी मिळाला, असं तुम्ही लिहिलंय. तो शासनाने परत मागितला का? त्याची किंमत राहिली नाही का? त्याच पैशाने तुमचं पहिलं अंतर्गत कर्ज फिरलं. बांगलादेशात ब्रॅक संस्थेने २००२ पासून अगदी तळातल्या बायकांना कर्ज न देता आधी शेळ्या-गाई दिल्या, काही महिने पोटापुरते पैसे दिले आणि कुणीतरी नेमाने येऊन शिकवत राहिलं. पुढे भारतासह सहा देशांत हीच पद्धत तपासली, त्याचे निष्कर्ष २०१५ साली आले. मदत थांबल्यावर वर्षभरानेही बहुतेक ठिकाणी त्या कुटुंबांची स्थिती सुधारलेली दिसली. भारतातला प्रयोग पश्चिम बंगालच्या मुर्शिदाबादमधला होता. ज्या घरात खायचेच वांधे, तिथे कर्जाचा हप्ता म्हणजे आणखी एक भूक. तिथे आधी मदत आणि मग कर्ज, हाच क्रम माणुसकीचा आणि हिशोबाचाही.

तुमच्या दोघी तर एकट्याने घर चालवतात. त्यांचा पैसा ओढून घ्यायला घरात दुसरा धंदा नाही, म्हणून त्यांना दिलेलं भांडवल त्यांच्यापाशीच थांबण्याची शक्यता जास्त. पण नुसती रक्कम देऊन मोकळं होऊ नका. शेळी द्यायची तर पशु सखीकडून, म्हणजे जनावरांची निगा शिकलेल्या गावातल्या बाईकडून, लसीकरण आणि वर्षभराची देखभाल ठरवून द्या. काहीतरी परत द्यायलाच हवं असा गटाचा आग्रह असेल, तर पहिल्या वेतातलं एक पिल्लू तिसऱ्या गरजू बाईला, अशी बोली करा. बहुतेक जणींना ते पटेल. कुणापाशी सुगरणीचा हात असेल, पापड-लोणचं-चटणी असं काही करायचं असेल, तर केंद्राच्या सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत बचत गटाच्या सदस्यांना प्रत्येकी चाळीस हजारांपर्यंत बीजभांडवलाची सोय होती, ती अजून चालू आहे का याची माहिती ग्रामसंघाकडून, म्हणजे गावातल्या गटांच्या संघाकडून, काढा. मोठं आजारपण, घरात धान्य नसणं यासाठी ग्रामसंघाकडे वेगळा जोखीम निधी असतो. बायका तो मागत नाहीत, कारण तो आहे हेच त्यांना ठाऊक नसतं. तुम्ही सचिव आहात, पुढच्या ग्रामसंघाच्या बैठकीत तुम्ही विचारा. बावीस हजारांतले पंधरा या दोघींना द्या आणि सात शिलकीत ठेवा, असं मी सुचवेन, बँकेच्या हप्त्याची निकड आधी पाहून. पण आकडा शेवटी गटाचा.

बैठक दर महिन्याच्या सात तारखेला असते, असं तुम्ही लिहिलंय. त्याआधी तिच्याकडे एकदा जाऊन या. एकट्या जा, अध्यक्षांना किंवा कुणाला सोबत नेऊ नका. घरी जाण्यापेक्षा खुरपणीवरून परतताना बांधावर गाठा, तिथे सासू-नवऱ्यासमोर तिला मान खाली घालावी लागणार नाही. वही नेऊ नका. हप्त्याचं नाव काढण्याआधी शेळ्या कितीला गेल्या ते विचारा, आणि मग ती बोलेल तेवढा वेळ बसा.